काचेखालचा दगड

बाबांनी काचेची पहिली तक्रार केली तेव्हा मी शाळेतून नुकतीच आले होते, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. एप्रिलचे दिवस होते. चौदा तारखेच्या जयंतीच्या आधी आमच्याकडे घर झाडून-धुऊन काढायची पद्धत आहे, त्यामुळे कामाच्या मावशींनी त्या दिवशी सगळ्या खिडक्या पुसल्या होत्या. बाबा पूर्वेकडच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही राहिली पुसायची. सिद्धगड बघ कसा दिसतोय, राख फासल्यासारखा."

मी वाकून बघितलं. मला काच स्वच्छ वाटली. पण उन्हाळ्यात डोंगराला वणवे लागतात, हवाच धुरकट असते, आणि दिवसभर पोरांशी बोलून माझा घसा बसलेला होता. वाद घालायची ताकद नव्हती. मी मावशींना म्हटलं, "उद्या परत एक हात मारा."

मावशी आमच्याकडे सकाळी तीन तास कामाला यायच्या. सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका पाड्यातून लग्न होऊन मुरबाडजवळ आलेल्या, साठीच्या आसपासच्या. कमी बोलायच्या. त्यांची काच पुसायची रीत त्यांची स्वतःची होती: चुलीतली चाळलेली राख ओल्या फडक्यावर घ्यायची, हलक्या हाताने फिरवायची, मग कोरड्या फडक्याने काढायची, शेवटी वर्तमानपत्राचा बोळा. पाणी म्हणाल तर तांब्याभरसुद्धा लागायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच केलं. बाबा संध्याकाळी म्हणाले, "नाही निघालं."

इथे घराबद्दल सांगायला हवं. मुरबाडच्या वेशीवरचं हे दगडी घर एका लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. फक्त खिडक्यांच्या भोवती फिकट पिवळसर, मऊ दगडाची चौकट, तो पोरबंदरी दगड मुंबईहून आणलेला. काळ्या दगडाला नक्षी काढायची तर छिन्नी मोडते, म्हणून हौशी लोक खिडकीपुरता असा मऊ दगड वापरत, असं बाबा सांगायचे. प्रत्येक खिडकीखाली त्या दगडाची एक जाड पट्टी भिंतीच्या बाहेर आलेली होती, पावसाचं पाणी भिंतीवर न येता लांब पडावं म्हणून.

माझे आजोबा या व्यापाऱ्याच्या वखारीवर राखणदार होते. त्या काळी आमच्या माणसांनी या घराची पायरी चढायची नव्हती. हाक मारली की आजोबांनी पूर्वेकडच्या खिडकीखाली येऊन उभं राहायचं. निरोप, मजुरी, दिवाळीचा फराळ, जे काही असेल ते त्या खिडकीतून वरून खाली यायचं. बाबा लहानपणी त्यांच्याबरोबर त्या खिडकीखाली उभे राहिलेले आहेत. पुढे बाबा शिकले, भातसानगरला धरणाच्या कामावर ओव्हरसियर झाले, आणि निवृत्त झाल्यावर व्यापाऱ्याच्या नातवंडांनी घर विकायला काढलं तेव्हा ते घेतलं. आई तेव्हा होती. ती म्हणाली होती, "एवढं जुनं घर कशाला? नवा फ्लॅट घ्या." सामान आलं त्या दिवशी बाबांनी पहिली खुर्ची त्या खिडकीशी, आतल्या बाजूने, ठेवली.

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. मी लग्न केलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी डबे, मग शाळा, मग शाळेचे ऑनलाइन फॉर्म, मधूनमधून कुठलं तरी सर्वेक्षण, घरी आल्यावर बाबांची औषधं, त्यांचं जेवण. तक्रार नाही करत. पण त्या वर्षांतलं काही आठवायला बसलं की पहिल्यांदा पाय दुखल्याचंच आठवतं.

काचेची तक्रार वाढत गेली. आधी एका खिडकीची होती, मग खालच्या सगळ्यांची, मग माडीवरच्यांची. बाबा म्हणायचे, राखेने काच घासली जाते, बारीक चरे पडतात, त्यात धूळ बसते. म्हणून राख बंद झाली. साबणाचं पाणी सुरू झालं. साबण राहतो म्हणून वर बादलीभर साधं पाणी मारायचं. बादलीने वरपर्यंत पोचत नाही म्हणून बागेचा पाइप आला. मावशी खाली उभ्या राहून पाइपने काचेवर पाणी मारायच्या, पाणी काचेवरून पट्टीवर, पट्टीवरून उडून भिंतीवर. बोअरचं पाणी आमच्याकडे जड आहे. वाळलं की काचेवर पांढरे ठिपके. ते ठिपके मलाही दिसायचे, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. वाटलं, चला, निदान काहीतरी दिसतंय. म्हातारा माणूस उगाच बोलत नाही.

मग एका शनिवारी, अर्धी शाळा करून येताना, मी बाजारात हार्डवेअरच्या दुकानात थांबले. म्हटलं, काचेवरचे पाण्याचे डाग कशाने जातील? दुकानदाराने संडासाच्या फरशीसाठी लोक नेतात ती ॲसिडची बाटली पुढे केली. "एक झाकण बादलीत टाका. डाग काय, डागाचा बाप जाईल."

डाग खरोखरच गेले. मावशींनी नाकाला पदर लावून लांब काठीच्या फडक्याने ते पाणी काचेवर फिरवलं, वरून पाइप मारला, आणि काचा अशा लखलखल्या की अंगणातला शेवगा आत उभा आहे असं वाटावं. बाबा खिडकीशी जाऊन बसले. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हां. आता बरं आहे."

तेवढ्या शब्दांसाठी मी काहीही केलं असतं. त्या संध्याकाळी मी कित्येक दिवसांनी जेवून लगेच आडवी झाले, आणि झोप लागली.

चार दिवसांनी बाबा म्हणाले, "परत धरलं बघ काचेने."

मग ती रीतच पडली. दर शनिवारी बाटली, काठी, पाइप. पावसाळा आला तरी पाऊस थांबलेला दिवस बघून आम्ही खिडक्या धूत होतो. शेजारचे हसायचे. मला हसू येत नव्हतं, रागही येत नव्हता. शनिवारचं एक काम, एवढंच.

मावशींनी पहिल्यांदा सांगितलं ते भाद्रपदात. मी ओसरीवर वह्या तपासत बसले होते. त्या हात पुढे करून आल्या. तळहातावर पिवळसर पीठ होतं, रव्यासारखं.

"ताई, ह्या बघा."

"काय आहे?"

"खिडकीखालचा दगड पीठ सोडतंय. त्यावर ता पाणी पडला का फसफसताय. सोडा टाकल्यावानी. मी कवापासून बघतंय."

मी लाल पेन खाली न ठेवता म्हटलं, "मावशी, दगड आहे तो. साबणाची वडी नाही झिजायला."

"काळा नाय म्हनत मी. ह्यो पिवला. ह्याला सोसत नाय ता."

"बरं, पाणी जास्त मारा वरून. म्हणजे ॲसिड राहणार नाही."

त्या हात झटकून गेल्या. आज लिहिताना वाटतं, मी उठून चार पावलं चालून बघायला हवं होतं. चार पावलंच होती. पण वह्यांचा गठ्ठा मोठा होता, आणि बघितलं असतं तर काहीतरी ठरवावं लागलं असतं. ठरवणं मला तेव्हा सगळ्यात जड जायचं.

मावशींनी दुसऱ्यांदा सांगितलं ते दिवाळीच्या जरा आधी, आणि ते दगडाबद्दल नव्हतं. त्या स्वयंपाकघरात आल्या, बाबा ऐकत नाहीत ना हे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, राग नका मानू. काच साफ हाय गो. कवाच साफ हाय."

"म्हणजे?"

"काल साहेबांना चाय दिली. हात पुढं केला नाय त्यांनी. कप मी बाजूनं धरला व्हता ना, समोरनं नाय. त्यांना बाजूचा दिसत नाय. आमच्या सासऱ्याचा आसाच झाला व्हता."

मी गॅस बारीक केला. मला आठवलं, दोन-तीन आठवड्यांपूर्वी बाबांचा खांदा दाराला लागला होता आणि ते दारावरच चिडले होते. मी मावशींना म्हटलं, "बघते मी." आणि बघितलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरकडे नेऊ असं ठरवलं. सुट्टीत माझी ड्यूटी लागली. मग वाटलं, संक्रांतीनंतर. हे मी लपवून ठेवू शकले असते, पण मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला कळलं होतं, आणि तरी दर शनिवारी मी बाटलीचं झाकण उघडून मावशींच्या हातात देत होते. काच घाण आहे असं मानण्यात काम होतं. दुसरं काही मानलं तर काम संपत होतं, आणि नुसती भीती उरत होती.

दरम्यान भिंतीने आपलं सांगायला सुरुवात केली. पूर्वेकडच्या खिडकीखाली, आतल्या बाजूला, ओल धरली. गिलाव्याला फुगे आले, त्यावर मिठासारखी पांढरी पूड फुलली. लोणा लागला म्हणतात तसा. मी ती खराट्याने झाडायचे आणि डाग झाकला जाईल असं शेजारचं कॅलेंडर जरा खाली सरकवायचे.

माघातली एक सकाळ. रविवार होता. मावशींची सुट्टी. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. घराच्या पूर्वेकडून आधी काहीतरी निखळल्याचा आवाज आला, मग बाबांचा. ओरडणं नाही. "अरे" एवढंच, एखादं भांडं हातातून पडल्यावर म्हणतात तसं.

मी धावले. बाबा खिडकीखाली अबोलीच्या वाफ्यात बसलेले होते. एक पाय दुमडलेला, कोपर सोललेलं. हातात ओलं फडकं होतं. त्यांनी माझी वाट न बघता स्वतः काच पुसायची ठरवली होती. जोत्याच्या कडेवर चढून, एका हाताने खिडकीखालची पट्टी धरून ते उभे राहिले होते, आणि पट्टीचा टोकाकडचा वीतभर तुकडा त्यांच्या वजनाने सुटून हातात आला होता.

"लागलं का? हलवू नका पाय. दुखतंय का इथे?"

"काही झालं नाही," ते म्हणाले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या मांडीवर तो दगडाचा तुकडा होता आणि ते त्यावरून बोटं फिरवत होते. तुटलेल्या बाजूवरून अंगठा ओढला. पीठ पडलं. तुकडा नाकाशी नेला. मग जिभेचं टोक लावलं. धरणावर असताना वाळूची, चुन्याची अशीच पारख करायचे, मी लहानपणी बघितलेलं आहे.

"ॲसिड मारलंय ह्याच्यावर," ते म्हणाले.

मी त्यांचं कोपर धरून बघायला लागले.

"कुणी मारलं?"

"आत चला आधी. कोपराला हळद लावते."

"मी विचारलं, कुणी मारलं? हा चुनखडीचा दगड आहे. चुन्यावर ॲसिड म्हणजे... हे मी मजुरांना शिकवलंय, तुला माहीत नाही? सांधे बघ. हात घाल सांध्यात. चुना गेला असेल सगळा." ते स्वतःच भिंत चाचपायला लागले. काळ्या दगडांच्या मधल्या सांध्यांतून त्यांचं बोट पेरभर आत गेलं. "गेला. बघ. वाहून गेला. त्या पाण्यानं आत ओल जाणार, लाकूड कुजणार. काळ्या दगडाला काही होत नाही, त्याला काय धाड भरलीय. पण त्याला धरून ठेवतो तो चुना. कुणी सांगितला हा शहाणपणा?"

"मी," मी म्हटलं. "मी आणलं. तुम्ही रोज म्हणत होता काच घाण आहे, रोज. राखेने नाही, साबणाने नाही, मग मी काय करायला हवं होतं?"

"मला विचारायचं होतंस!"

"तुम्हाला समोर फसफसताना दिसलं नाही, बाबा? तुमच्या खिडकीखाली, दर शनिवारी, तुम्ही आत बसलेले असताना?"

त्यांचा हात भिंतीवरून खाली आला. मला कळलं की मी ते बोलून गेले आहे, आणि आता अर्ध्यावर थांबण्यात काही राम नव्हता.

"काच स्वच्छ आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून स्वच्छ होती."

मी पण वाफ्यात बसले होते, साडीला चिखल लागत होता. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. बाबांनी तुकडा मांडीवरून उचलून बाजूला, काळजीपूर्वक, जमिनीवर ठेवला.

"तुला कधीपासून माहीत?"

"दिवाळीपासून. मावशींच्या लक्षात आलं. तुम्हाला?"

"मला..." त्यांनी फडकं पिळलं. पिळायला त्यात काही उरलं नव्हतं. "मागच्या पावसाळ्यात. जिना उतरताना पायरी सापडेना. तेव्हा कळलं. पण काच घाण आहे म्हटलं की तुम्ही दोघी लगेच पुसायला लागायचात. बरं वाटायचं गं. वाटायचं, होतंय काहीतरी. पुसून जाईल."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्यांना काखेत धरून उठवलं आणि आत नेलं, आणि आम्ही दोघांनी चहा घेतला. कप मी त्यांच्या समोरून दिला.

कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तरुण डॉक्टरीण होती, नीट समजावून सांगणारी. कडेकडेने नजर जाते, दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही, म्हणाली. आणि वर मोतीबिंदूही आहे, त्यामुळे धूसर दिसतं. मोतीबिंदू काढता येईल, थोडं उजळ दिसेल. काचबिंदूने गेलेलं मात्र परत येणार नाही. थेंब घालत राहायचे, म्हणजे आहे तेवढं टिकेल. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "वर्षभर आधी आलो असतो तर?" डॉक्टरीण म्हणाली, "थोडं जास्त राहिलं असतं." परतीच्या एसटीत टिटवाळ्याच्या फाट्यापर्यंत बाबा जागे होते. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले.

शस्त्रक्रिया झाली. थोडं उजळलं. थेंब सकाळ-संध्याकाळ.

मग भिंतीचं बघायचं ठरलं. मुरबाडात दोन-तीन गवंडी बोलावले. सगळ्यांचं एकच: सिमेंट भरून टाकू, वरून रंग मारू, पंचवीस वर्षं बघायला नको. बाबांनी सगळ्यांना परत पाठवलं. मला म्हणाले, "सिमेंट पाणी सोडत नाही. आत गेलेलं पाणी आतच अडकवतं. मग ते मऊ दगडातूनच वाट काढतं आणि दगड फोडतं." शेवटी शहापूरकडून एक म्हातारा गवंडी मिळाला. त्याने आयुष्यभर विहिरी बांधल्या होत्या. चुन्याचं काम आता कुणी सांगत नाही, म्हणाला. बाबांपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल, पण अंगाने अजून काटक.

त्याने आल्याआल्या काही केलं नाही. घराभोवती एक फेरी मारली. प्रत्येक खिडकीखाली उकिडवा बसून दगडाला हातोडीचा दांडा लावून ऐकलं. मग बाबांपुढे येऊन म्हणाला, "सायेब, हितं लगेच हात नाय लावायचा."

"का?" मी विचारलं.

"ओला हाय आतून. त्यात नवा चुना भरला तर त्यो बी सोडंल. आदी साध्या पान्यानं एकदाच पुसून घ्या. पाइप नाय, फडका. मंग वालू द्या. उन्हाला उघडा ठेवा. मी वैशाखात येतंय."

बाबांचा चेहरा मी बघत होते. कित्येक महिन्यांनी त्यांना त्यांच्या भाषेत बोलणारं कुणी भेटलं होतं.

"चुना कसला वापरणार?" त्यांनी विचारलं.

"कलीचा. आतापासून भिजत घालतंय घरी. तवर मुरंल."

"वाळू?"

"तुमी सांगाल ती. पन धुतलेली."

"शाबास," बाबा म्हणाले.

वैशाखात तो खरंच आला. बारा दिवस काम चाललं. मावशी आणि मी पाणी देत होतो. बाबा खुर्ची बाहेर टाकून बसायचे. त्यांना गवंड्याच्या हातातली करणी दिसत नव्हती, पण तो सांधा खरवडायला लागला की आवाजावरून सांगायचे, "अजून आहे तिथे. पोकळ वाजतंय." गवंडी म्हणायचा, "हाय ना सायेब, हाय," आणि आणखी खरवडायचा. भरलेल्या सांध्यावर बाबा अंगठा दाबून बघायचे. एकदा त्यांनी एक सांधा परत काढायला लावला. गवंड्याने कुरकुर न करता काढला.

पट्टीचा तुकडा मात्र बसला नाही. तुटलेली बाजू इतकी भुसभुशीत झाली होती की चुना धरेना. पोरबंदरी दगड आता कुठून आणायचा, आणि आणला तरी बाकीच्या पट्ट्यांची धार गेलेलीच होती. एके काळी त्यांच्या कडेला बारीक वेलबुट्टी होती. मी या घरात इतकी वर्षं राहिले आणि ती जवळून बघितली गवंड्याने दाखवल्यावर, माडीवरच्या एका खिडकीला थोडी उरलेली. खालच्या खिडक्यांना नुसता चोखलेल्या बत्ताशासारखा गोलवा. गवंडी म्हणाला, "गेला त्यो गेला. ऱ्हायलाय त्याला जपा."

कामाच्या शेवटच्या दिवशी बाबा खिडकीखाली, बाहेरून, भिंतीला हात लावून उभे होते. मी त्यांना आत चला म्हणायला गेले. ते म्हणाले, "एवढी वर्षं मला वाटायचं, हे घर आपण जिंकलं. आणि मग त्याचा दगड मीच खाल्ला."

"मी पण," मी म्हटलं.

"तू दमलेली होतीस."

"तुम्ही घाबरलेले होतात."

"हं," ते म्हणाले. तेवढं पुरेसं होतं, असं मी म्हणणार नाही. पण तेवढंच बोलणं झालं.

आता खिडक्या अशा पुसतो: महिन्यातून एकदा. पट्टीवर आधी जुनी चादर घडी करून टाकायची, म्हणजे थेंब दगडावर पडत नाही. फडकं पिळून घ्यायचं, नुसतं दमट. पाणी बोअरचं नाही, पिण्याच्या फिल्टरचं, त्याचे ठिपके उठत नाहीत. आतून पुसायचं ते आतून, बाहेरून पुसायचं ते बाहेरून, आणि पाइप फक्त झाडांना. मावशींचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, त्या आठवड्यातून दोनदाच येतात आणि खालचं तेवढं करतात. माडीवरच्या खिडक्या मी पुसते. खांदा भरून येतो. भिंतीवरची ओल वाळायला सव्वा वर्ष गेलं. डाग अजून आहे, तपकिरी, कडेने पिवळा. त्यावर रंग द्यायचं बाबा नको म्हणाले, भिंतीला श्वास घेऊ दे. मला तो डाग बघायचा कंटाळा येतो, पण रंग द्यायचाही कंटाळाच आहे.

मागच्या महिन्यात एका प्रशिक्षणासाठी शहापूरला गेले होते. स्टँडकडे चालत येताना एका जुन्या दगडी घरापाशी थांबले. कुणीतरी नव्याने घेतलं असावं. एक माणूस जोरात पाणी मारायचं मशीन घेऊन खिडक्या धूत होता. पाण्याचा फटका काचेवर बसत होता आणि खालच्या सांध्यांतून वाळू वाहत होती, बारीक, पिवळी, रस्त्याच्या गटारात. मी बॅग खाली ठेवली आणि त्याला हाक मारली. त्याने मशीन बंद केलं.

"भाऊ, हे चुन्याचं बांधकाम आहे. एवढ्या जोराने मारू नका. सांधे जातात. मऊ दगड असेल तर तोही."

त्याने मान वर करून भिंतीकडे बघितलं. "मॅडम, दगड आहे. त्याला काय होतंय?"

मी त्याला सांगायला लागले. चुना, ओल, लोणा, ॲसिड तर अजिबात नको. त्याने सगळं ऐकून घेतलं, चांगला माणूस होता. मधे घाम पुसला. "मालकाला सांगतो," म्हणाला. मी म्हटलं, "सांगा." मुरबाडची गाडी लागलेली दिसत होती, म्हणून मी बॅग उचलून निघाले. स्टँडपर्यंत पोचले नव्हते तेवढ्यात मागे मशीन परत सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी वळून गेले नाही. गाडीत खिडकीची जागा मिळाली, आणि मुरबाड येईपर्यंत मी डोळे मिटून बसले.